कॅमेरा द्यायचा की नाही? सॉमरव्हेल, मॅलरी आणि परत न आलेली एक उसनवारी

गेल्या महिन्यात आमच्या विभागातला एम.ए.चा एक मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, "ताई, तुमचा कॅमेरा चार दिवस मिळेल का?"

त्याच्या मामाच्या गावात एक जुना वाडा आहे. माळ्यावर मोडी कागदांचं गाठोडं निघालंय. पावसाळ्याआधी वाडा उतरवायचा ठरलाय. घरमालक कागद घराबाहेर न्यायला देणार नाहीत, पण ओसरीवर बसून फोटो काढायला त्यांची हरकत नाही. मोबाइलवर त्यानं काढून पाहिले होते. ते मला दाखवले. उजेड कमी, शाई फिकी, आणि लांब कागदाच्या कडेची अक्षरं पुसट. वाचता येतील असे नव्हतेच.

मी लगेच हो म्हटलं नाही. "उद्या सांगते," म्हटलं.

कारण सांगते. हा कॅमेरा मी फेलोशिपचे थकलेले पैसे एकदम मिळाले तेव्हा घेतला. दुसरा घेणं आता शक्य नाही. शिवाय दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीला तो दिला होता. परत आला तेव्हा वरून अगदी ठीकठाक दिसत होता. पण मधल्या काळात बॅटरी पूर्ण उतरली होती आणि आतलं घड्याळ मूळ तारखेवर गेलं होतं. मी न बघता तोच कॅमेरा घेऊन अभिलेखागारात गेले आणि तीन दिवस फोटो काढले. सगळ्या फोटोंवर भलत्याच तारखा. नंतर तारखेनुसार फाइली लावल्या तेव्हा ते फोटो जुन्या एका भेटीच्या फोटोंमध्ये मिसळले. कुठलं पान कुठल्या रुमालातलं, हे पुन्हा लावण्यात दोन आठवडे गेले. मैत्रिणीला दोष देण्यात अर्थ नव्हता. तिनं काही मोडलं नव्हतं. मीच परत घेताना तपासलं नव्हतं.

त्या रात्री "द्यायचा की नाही" याचा विचार करताना मला सारखी एका दुसऱ्या कॅमेऱ्याची आठवण येत होती. माझा पीएच.डी.चा विषय आहे वसाहतकाळातल्या मोहिमांमधली छायाचित्रं, आणि त्यांच्याकडे पुरावा म्हणून कसं बघायचं. या विषयात एक उसना दिलेला कॅमेरा फार प्रसिद्ध आहे. शंभर वर्षं झाली, तो अजून परत आलेला नाही. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ही गोष्ट नीट बघावी असं मला वाटतं. पुरावा, आठवण आणि अनुमान यांतला फरक तिच्यातून जितका स्वच्छ कळतो तितका पद्धतीशास्त्राच्या पेपरातून मला कधी कळला नव्हता.

नॉर्थ कोल, जून १९२४

१९२४ ची ब्रिटिश एव्हरेस्ट मोहीम तिबेटच्या बाजूनं गेली होती. नेपाळ तेव्हा परक्यांना बंद होता. मोहिमेचे प्रमुख जनरल चार्ल्स ब्रूस वाटेतच मलेरियानं आजारी पडले आणि नेतृत्व एडवर्ड नॉर्टनकडे आलं. मोहिमेत एक शल्यचिकित्सक होता, हॉवर्ड सॉमरव्हेल. पहिल्या महायुद्धात त्यानं आघाडीमागच्या इस्पितळात जखमींवर शस्त्रक्रिया केल्या होत्या. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेनंतर तो भारतात फिरला, त्रावणकोर संस्थानातलं नेय्यूर इथलं मिशन इस्पितळ त्यानं पाहिलं आणि तिथंच काम करायचं ठरवलं. नेय्यूर आज तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे. १९२४ साली तो एव्हरेस्टला गेला तो तिथूनच, आणि नंतर पुन्हा तिथंच परतला.

४ जून १९२४ ला नॉर्टन आणि सॉमरव्हेल यांनी प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय चढाई केली. सॉमरव्हेलचा घसा इतका बिघडला होता की सुमारे २८,००० फुटांवर तो थांबला. नॉर्टन एकटा पुढं गेला आणि २८,१२६ फुटांवरून परत फिरला. उतरताना सॉमरव्हेलच्या घशात काहीतरी अडकलं, श्वास बंद झाला. त्यानं स्वतःची छाती दाबून जोरात खोकून ते बाहेर काढलं. घशाच्या आतलं अस्तरच सुटून आलं होतं. त्याची बर्फाची कुऱ्हाडही त्याच दिवशी दरीत गेली. रात्री दोघं नॉर्थ कोलवरच्या चौथ्या तळावर पोचले. नॉर्टनला त्याच रात्री बर्फांधत्व आलं.

याच तळावर जॉर्ज मॅलरी पुढच्या प्रयत्नाची तयारी करत होता. बरोबर २२ वर्षांचा अँड्र्यू आयर्विन होता, प्राणवायूची उपकरणं दुरुस्त करण्यात हुशार. सॉमरव्हेलनं पुढं सांगितलं ते असं: मॅलरी आपला कॅमेरा आणायला विसरला होता, म्हणून मी त्याला माझा दिला.

६ जूनला मॅलरी आणि आयर्विन वर गेले. ८ जूनला दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी नोएल ओडेलला ढगांच्या फटीतून ते कड्यावर दिसले. मग ढग मिटले. दोघं परत आले नाहीत. कॅमेराही आला नाही.

कोणता कॅमेरा, आणि तोच का?

कॅमेरा होता कोडॅक कंपनीचा व्हेस्ट पॉकेट. नावाप्रमाणे जाकिटाच्या खिशात मावणारा, घडीचा. हा कॅमेरा १९१२ मध्ये बाजारात आला आणि पहिल्या महायुद्धात कितीतरी सैनिकांच्या खिशात होता. एका रिळात आठ फोटो.

मोहिमेत मोठे कॅमेरे नव्हते का? होते. जॉन नोएल हा अधिकृत चित्रकार बरोबर होता. मोहिमेच्या चित्रपटाचे आणि छायाचित्रांचे हक्क मिळवायला त्यानं ८,००० पौंड भरले होते. पण त्याचं जड सामान सुमारे २२,००० फुटांपर्यंतच चढलं. तिथून तो दूरच्या भिंगातून शिखराकडे पाहत होता. म्हणजे मोहिमेची सगळी चित्रं अधिकृतपणे ज्याच्या नावावर होती, तो माणूस शिखरावरचं चित्र काढूच शकत नव्हता. ते चित्र निघालं असतं तर कुणाच्या तरी खिशातल्या खासगी कॅमेऱ्यातूनच. हा मुद्दा वहीत टिपून ठेवा. अधिकृत दप्तर जिथं थांबतं, तिथून पुढचा इतिहास बऱ्याचदा खासगी खिशात असतो. त्या मुलाच्या वाड्यातलं गाठोडंही तसंच.

आता मॅलरीकडे बघू. वस्तू उसनी देताना आपण घेणाऱ्याचा पूर्वेतिहास बघतो ना? तर ऐका. १९२१ च्या पाहणी मोहिमेत मॅलरीनं कॅमेऱ्यात काचेच्या पट्ट्या उलट बसवल्या होत्या. कष्टानं चढून काढलेले पुष्कळसे फोटो वाया गेले आणि काही जागी पुन्हा जावं लागलं. ७ जून १९२४ ला वरच्या तळावरून त्यानं ओडेलला चिठ्ठी पाठवली, तिच्यात खालच्या तंबूतला पसारा आवरता आला नाही म्हणून दिलगिरी आहे, चूल उतारावरून घरंगळत गेल्याची बातमी आहे, आणि होकायंत्र तंबूत राहिलं ते जपून ठेव अशी विनंती आहे. त्याच वेळी नोएलला लिहिलेल्या चिठ्ठीत आम्हाला अमुक वेळी कड्यावर शोध असं सांगताना सकाळच्या आठऐवजी रात्रीचे आठ लिहिलेत.

अशा माणसाला तुम्ही कॅमेरा दिला असता? माझ्या मैत्रिणीनं फक्त बॅटरी उतरू दिली होती.

सॉमरव्हेलनं दिला. मला वाटतं, त्याच्यापुढे हिशोब साधा होता. त्याची स्वतःची चढाई संपली होती. कॅमेरा त्याच्याजवळ राहिला तर सुरक्षित राहील, पण शिखराकडे जाणार नाही. मॅलरीजवळ गेला तर कदाचित हरवेल, पण शिखराचं चित्र निघण्याची शक्यता फक्त त्याच वाटेनं होती. हे माझं अनुमान आहे, त्याचे शब्द नव्हेत. लिहिताना हा फरक मी मुद्दाम सांगते. तुम्हीही सांगत जा.

आठवण हा पुरावा आहे का?

आता संशोधकाचा प्रश्न. कॅमेरा दिला होता हे आपल्याला कसं कळतं?

ही गोष्ट आज सर्वांना माहीत झाली ती मुख्यतः ग्रॅहॅम हॉयलंड यांच्यामुळे. ते सॉमरव्हेलच्या नात्यातले. १९७१ साली, लहान असताना, त्यांनी ती म्हाताऱ्या सॉमरव्हेलच्या तोंडून ऐकली. कॅमेरा सापडला तर मॅलरी शिखरावर पोचला होता हे सिद्ध होईल, असंही सॉमरव्हेल म्हणाला होता. हॉयलंड पुढं बीबीसीत गेले, स्वतः एव्हरेस्ट चढले, आणि १९९९ च्या शोधमोहिमेमागे त्यांचा मोठा पाठपुरावा होता.

म्हणजे घटना १९२४ ची आणि सांगणं १९७१ चं. मध्ये ४७ वर्षं. ऐकणारा लहान मुलगा. पद्धतीशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे इथं आपण भुवया उंचावायला हव्यात. पण उंचावून थांबायचं नाही, पुढं विचारायचं. सांगणाऱ्याला खोटं बोलण्यात काही फायदा होता का? दिसत नाही. तो प्रत्यक्ष व्यवहारातला माणूस होता का? होय, देणारा तोच. जे सांगतोय ते इतर माहितीशी जुळतं का? तो त्या तळावर होता, मॅलरीही होता, आणि मॅलरीचं विसरणं तर त्याच्याच चिठ्ठीत नोंदलेलं आहे. म्हणून ही आठवण मी स्वीकारते. पण "दिला" इतकंच स्वीकारते. "शिखरावर नेला", "फोटो काढला" हे त्या आठवणीत नाही. आपण ते हळूच तिच्यात घालतो.

तोंडी माहिती उडवून लावू नये याचं याच कथेतलं दुसरं उदाहरण. १९७९ मध्ये वांग होंगबाओ या चिनी गिर्यारोहकानं हासेगावा या जपानी सहकाऱ्याला सांगितलं की १९७५ च्या मोहिमेत आपण वर एका जुन्या इंग्रजाचा मृतदेह पाहिला होता. दुसऱ्याच दिवशी हिमस्खलनात वांग मरण पावला. उलटतपासणी करायला माणूसच उरला नाही. तरीही योखेन हेमलेब या जर्मन अभ्यासकानं त्या अपुऱ्या बोलण्याचा माग काढला, १९७५ चा चिनी तळ जुन्या छायाचित्रांवरून कुठं असावा ते ठरवलं, आणि १९९९ ची मोहीम त्या भागात उतरली.

सापडलं काय, आणि न सापडलं काय

१ मे १९९९ ला कॉनराड अँकर याला सुमारे ८,१५५ मीटर उंचीवर एक देह दिसला. सर्वांना वाटलं आयर्विन असेल, कारण १९३३ साली याच बाजूला वर जी बर्फाची कुऱ्हाड सापडली होती ती आयर्विनची मानली जाई. पण कपड्यांवरची नावाची पट्टी निघाली मॅलरीची. पुरावा आपल्या अपेक्षेला विचारून बाहेर येत नाही!

खिशात काय होतं? पत्रं, एका लंडनच्या दुकानाचं बिल, कात्री, चाकू, आगपेटी, काच फुटलेला उंचीमापक, आणि एका पाकिटावर टिपलेले प्राणवायूच्या नळकांड्यांचे दाब. गॉगलही खिशात. कॅमेरा नव्हता.

इथून पुढं लोकांनी काय काय निष्कर्ष काढले ते बघण्यासारखं आहे. गॉगल खिशात, म्हणजे अंधार पडताना उतरत होते, म्हणजे दिवसभर वर होते, म्हणजे शिखरावर पोचले असतील. तीन वेळा "म्हणजे" आलं. पहिलं ठीक. दुसरं शक्य. तिसरं उडी. दुसरा निष्कर्ष असा: पत्नीचा फोटो शिखरावर ठेवीन असं मॅलरीनं म्हटल्याचं त्याची मुलगी सांगत असे, तो फोटो खिशात नव्हता, म्हणजे तो शिखरावर ठेवला. न सापडलेल्या वस्तूवरून केलेलं हे अनुमान ऐकायला हृद्य वाटतं, पण न सापडण्याची कारणं अनेक असू शकतात. तळावर राहिला असेल, पडला असेल. जो माणूस होकायंत्र विसरतो तो फोटोही विसरू शकतो.

कॅमेऱ्याचंही तेच. मॅलरीजवळ नाही, म्हणून तो आयर्विनजवळ असला पाहिजे, असं पुष्कळ जण धरून चालतात. सप्टेंबर २०२४ मध्ये जिमी चिन यांच्या पथकाला उत्तर बाजूच्या हिमनदीवर एक बूट आणि मोज्यावर आयर्विनचं नाव शिवलेली पट्टी मिळाली. आत पावलाचे अवशेष होते. कॅमेरा तिथंही नव्हता.

समजा उद्या कॅमेरा सापडला. मग काय? तीन शक्यता आहेत. एक, फिल्म धुता आली आणि शिखरावरचं दृश्य निघालं. मग प्रश्न सुटला, कारण आज शिखरावरून दिसणाऱ्या दृश्यांशी ते ताडून पाहता येईल. दोन, फिल्म धुता आली पण शिखर नाही. मग ते पोचले नाहीत असं सिद्ध होतं का? नाही. हात गोठले असतील, ढग असतील, रीळ आधीच संपलं असेल. तीन, फिल्म खराब. मग आपण जिथं आहोत तिथंच. म्हणजे हा पुरावा एकाच बाजूनं बोलू शकतो: "होय" म्हणू शकतो, "नाही" म्हणू शकत नाही. आपल्या शोधनिबंधातही असे कितीतरी पुरावे असतात. दप्तरात नाव सापडलं तर माणूस तिथं होता, पण नाव नाही म्हणून तो नव्हता असं लिहायचं धाडस करू नका.

आणखी एक गंमत. २९ मे १९५३ ला शिखरावर हिलरीनं तेनझिंगचा फोटो काढला. हिलरीचा शिखरावरचा फोटो नाही. पण म्हणून हिलरी तिथं नव्हता असं कुणी म्हणत नाही, कारण दोघं खाली आले आणि त्यांनी सांगितलं. जिवंत परतलेल्याच्या शब्दावर आपण विश्वास ठेवतो, न परतलेल्याकडे मात्र फोटो मागतो.

मग मी काय ठरवलं?

सॉमरव्हेलची उसनवारी चुकीची होती का? मला नाही वाटत. त्यानं नकार दिला असता तर त्याचा कॅमेरा नेय्यूरला सुखरूप पोचला असता आणि त्यात शिखराचं चित्र असण्याची शक्यता शून्य असती. दिल्यामुळे ती शक्यता निदान निर्माण झाली. कॅमेरा उसना देताना आपण वस्तू देतो तसाच पुरावा तयार करण्याचा अधिकारही दुसऱ्याच्या हाती देतो. फोटो तो काढणार, काय टिपायचं आणि काय सोडायचं ते तो ठरवणार. खरी धास्ती त्याची असते. भिंगावरच्या ओरखड्याची नसते.

पण उणीव एका गोष्टीची राहिली. आपल्यापर्यंत पोचलेल्या कहाणीत तपशील नाहीत. रीळ नवं होतं की अर्धं वापरलेलं? कॅमेरा मॅलरीच्याच हातात दिला की सामानात ठेवला? चार ओळींची नोंद असती तर शंभर वर्षांचे काही वाद तरी मिटले असते. खोकून खोकून जीव जायला आलेल्या माणसाकडून ही अपेक्षा अन्यायाची आहे, हे मला मान्य आहे. आपण मात्र सपाटीवर, पंख्याखाली बसलेलो असतो. आपल्याला सबब नाही.

आमच्या गावात मंडळाची भांडी लग्नकार्याला उसनी मिळतात. पातेली किती, झारे किती, कुणी नेले, कधी आणले, कुठलं पातेलं चेपलेलं होतं, सगळं एका वहीत. भांडी परत आली की मोजून घेतात, मग सही. यात कुणी कुणावर अविश्वास दाखवतोय असं कुणाला वाटत नाही. उलट त्या वहीमुळेच भांडणं होत नाहीत. मी तीच पद्धत उचलली.

दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावलं. कॅमेरा देते म्हटलं, पण आधी वही काढली. कॅमेऱ्याचा क्रमांक, भिंगाची अवस्था, दोन बॅटऱ्या, कार्ड रिकामं. घड्याळ त्याच्यासमोर लावलं. मग तीन गोष्टी सांगितल्या. रोज पहिला फोटो त्या दिवसाच्या वर्तमानपत्राचा काढायचा, म्हणजे घड्याळ चुकलं तरी तारीख कळेल. प्रत्येक कागदाशेजारी मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी ठेवायची. आणि जो कागद वाचता येत नाही, फाटका आहे, बिनमहत्त्वाचा वाटतो, त्याचाही फोटो काढायचा. "महत्त्वाचं काय ते तू तिथं ओसरीवर बसून ठरवू नकोस," म्हटलं. शेवटी घरमालकांची लेखी परवानगी आणि फोटोंची एक प्रत त्यांनाही द्यायची, हे त्यानं स्वतःच वहीत लिहिलं.

"ताई, हरवला तर?" त्यानं विचारलं.

"तर हरवल्याचंही लिहून ठेव. कुठं, कधी, कसा."

परवा तो परत आला. गाठोड्यातले निम्मे कागद वाळवीनं खाल्ले होते. वाचलेल्या सगळ्या कागदांचे त्यानं फोटो काढलेत, आणि वाळवीनं खाल्लेल्या ढिगाचेही. कॅमेऱ्याच्या पट्ट्याचं एक बक्कल तुटलंय. मी काही म्हणायच्या आतच त्यानं वही मागून घेतली आणि "बक्कल तुटलं, एस.टी.त, परतीच्या दिवशी" अशी नोंद केली.

घड्याळ मी पहिल्यांदा तपासलं. बरोबर होतं.